काळी मारबत, बाकाबाई आणि आपण

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबत निघते. त्या दिवशी सकाळी सक्करदरा चौकात उभे राहावे. टेम्पोत, मोटारसायकलीवर तिघे-तिघे बसून इतवारीच्या दिशेने पोरांचे लोंढे निघालेले दिसतात. त्यात आपल्या वस्त्यांतली पोरेही पुष्कळ असतात. डोक्याला निळा रुमाल आणि तोंडात शिट्टी. अशाच एका पोराला आम्ही थांबवून विचारले, "बाबू, काळी मारबत म्हणजे कोण रे?" पोरगा हसला. म्हणाला, "थे गद्दार बाई होती नं काका. इंग्रजाइले जाऊन भेटली." आणि टेम्पोत चढला.

पोराचे उत्तर चुकीचे म्हणता येत नाही. नागपुरात पिढ्यान्‌पिढ्या हेच सांगितले जाते. काळी मारबत म्हणजे भोसले घराण्यातील राणी बाकाबाई. तिने इंग्रजांशी हातमिळवणी केली, म्हणून १८८० च्या सुमारापासून दरवर्षी तिचा पुतळा शिव्यांच्या गजरात शहरभर फिरवायचा आणि शेवटी जाळायचा. रोगराई, महागाई, भ्रष्टाचार, जे काही वाईट असेल ते तिच्याबरोबर जावे, अशी त्यामागची कल्पना. आता बाईचा पुतळा जाळून रोगराई गेली असती तर नागपूर महापालिकेचे काम केव्हाच हलके झाले असते. पण ते असो. होळीला बाई जाळायची, पोळ्याला बाई जाळायची, ही हौस कुठून आली याचा विचार तथागताच्या अनुयायांनी एकदा जरूर करावा. आजचा आमचा प्रश्न वेगळा आहे. आपले पोर बाकाबाईला गद्दार म्हणते तेव्हा ते कोणाच्या मापाने मोजते? आणि त्याच मापाने उद्या त्याच्याच खापरपणजोबाला कोणी मोजले तर ते काय उत्तर देणार आहे?

त्यासाठी आधी ही बाई कोण होती ते पाहिले पाहिजे. आपल्याकडे राजेरजवाड्यांचा इतिहास एक तर पोवाड्यात येतो नाही तर शिव्यांत. मधली जागा रिकामीच असते.

बाकाबाई ही दुसऱ्या रघुजी भोसल्यांची राणी. रघुजी मार्च १८१६ मध्ये वारले. गादीवर आला तो मुलगा परसोजी, शरीराने पंगू आणि राज्यकारभाराला असमर्थ. साहजिकच कारभार कोणी हाकायचा यावरून वाड्यात दोन तट पडले. एकीकडे बाकाबाई आणि खजिन्यावर असलेला धर्माजी भोसला, दुसरीकडे रघुजींचा पुतण्या आप्पासाहेब. आप्पासाहेबांनी बाजी मारली, धर्माजी मारला गेला. सत्ता हाती येताच आप्पासाहेबांनी पहिले मोठे काम काय केले असेल? मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. नागपूरच्या स्वातंत्र्याची कागदोपत्री विक्री झाली ती इथे. ज्या आप्पासाहेबांचे नाव पुढे इंग्रजांशी लढलेला राजा म्हणून घेतले जाते, सही त्यांची आहे. बाकाबाईची नाही. पुढल्या वर्षी १ फेब्रुवारीला परसोजी अंथरुणात मेलेला आढळला आणि आप्पासाहेब गादीवर बसले. संशय कोणावर गेला हे सांगायला नको.

मग वारे फिरले. पुण्यात पेशवा इंग्रजांवर उठला. त्याने आप्पासाहेबांना सेनासाहेब सुभा ही पदवी पाठवली आणि नोव्हेंबर १८१७ मध्ये आप्पासाहेबांनी ती समारंभाने स्वीकारली. २६ आणि २७ नोव्हेंबरला सीताबर्डीची लढाई झाली. भोसल्यांचे सैन्य कितीतरी मोठे असूनही टेकडी हाती आली नाही. नंतर जनरल डव्हटन फौज घेऊन आला. १६ डिसेंबरला सक्करदऱ्याच्या बाजूला भोसल्यांच्या छावणीचा निकाल लागला. राजा स्वतः त्याआधीच रेसिडेन्सीत जाऊन बसला होता! सैन्य मैदानात आणि राजा शत्रूच्या घरात, अशी ती लढाई. आज ज्या सक्करदऱ्यात बुधवारचा बाजार भरतो, भाजीवाल्या बायांची आणि पोलिसांची रोज हुज्जत चालते, त्याच परिसरात एका राज्याचा कणा मोडला. यापुढची तारीख आमच्या वाचकांना सांगावी लागत नाही. सक्करदऱ्यानंतर बरोबर सोळा दिवसांनी, १ जानेवारी १८१८ रोजी, भीमेच्या काठी कोरेगावला महार शिपाई पेशव्याच्या फौजेसमोर उभे होते. युद्ध एकच होते, फक्त दोन मैदानांवर.

आप्पासाहेब पुढे पकडले गेले, वाटेत निसटले, महादेवाच्या डोंगरात गोंडांच्या आश्रयाने राहिले आणि अखेर जोधपूरला वारले. इकडे जून १८१८ मध्ये रघुजींच्या मुलीचा मुलगा दत्तक घेऊन त्याला तिसरा रघुजी म्हणून गादीवर बसवण्यात आले. पोर लहान. पालक म्हणून बाकाबाई. आणि खरा कारभार रेसिडेंट जेन्किन्सच्या हाती. पुढची काही वर्षे नागपूरचे राज्य राजाच्या नावाने इंग्रजाने चालवले आणि वाड्याची इभ्रत बाकाबाईने सांभाळली. तिने काय ओळखले होते? तोफा संपल्या, आता कागद उरला आहे. तलवारीने गादी राहणार नाही, राहिलीच तर रेसिडेंटच्या मर्जीने राहील. हे ओळखणारी ती त्या वाड्यातली पहिली व्यक्ती असावी. राजकारण म्हणून पाहिले तर तिची चाल आप्पासाहेबांपेक्षा शहाणपणाची होती हे कबूल केले पाहिजे.

पण इंग्रजांच्या मर्जीचा भरवसा किती? ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरा रघुजी पुत्राविना वारला. डलहौसीने दत्तकाचा हक्क नाकारला आणि मार्च १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. सातारा १८४८ मध्ये गेलेच होते, झाशीही त्याच १८५४ सालची. नुसते राज्य गेले असते तर एक वेळ ठीक. वाड्यातले हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीवर लिलावात मातीमोल विकले गेले. दागिने कलकत्त्याच्या बाजारात गेले. जॉन के या इंग्रज इतिहासकाराने लिहून ठेवले आहे की वाड्यातील सामान हलवू लागले तेव्हा वयोवृद्ध बाकाबाई इतकी संतापली की सामानाला हात लावाल तर वाडाच पेटवून देईन असे तिने बजावले. सामान हलवायचे ते हलवलेच. दागिन्यांच्या विक्रीचा पैसा भोसला फंड म्हणून ठेवला आणि त्याच फंडातून घराण्याला नेमणुका बांधून दिल्या. म्हणजे त्यांचेच त्यांना, तेही हप्त्याहप्त्याने!

आता १८५७. एवढा अपमान पोटात असलेली ही म्हातारी काय करील असे कोणालाही वाटेल? झाशीच्या राणीने तेच दुःख घेऊन तलवार उपसली. बाकाबाईने उलटे केले. आपले सारे वजन तिने इंग्रजांच्या पारड्यात टाकले आणि मराठी मुलूख शांत राहिला. इंग्रजांच्या गॅझेटियरनेही तिला याचे श्रेय दिले आहे. नागपुरात १३ जूनच्या रात्री घोडदळ उठणार होते, तो बेत फसला आणि घोडदळाच्या काही मुसलमान अधिकाऱ्यांना सीताबर्डीच्या किल्ल्यावर फाशी देण्यात आले. मारबतीत बाकाबाईला शिव्या देणारे हजारो असतात, पण त्या फाशी गेलेल्यांचे नाव घेणारा आम्हाला अजून भेटलेला नाही. हेही ध्यानात ठेवावे.

बाकाबाई १८५८ मध्ये वारली. तिच्या निष्ठेचे फळ १८६० मध्ये मिळाले. दत्तक जानोजीला 'देऊरचे राजा बहादूर' हा किताब आणि घराण्याला नेमणूक. राज्य परत मिळाले नाही, पण राजेपण राहिले. पुढे त्याच घराण्यातल्या राजे रघुजीरावांचा सक्करदऱ्याचा वाडा नांदता होता. १९०८ मध्ये त्यांनी ताजुद्दीन बाबांना पागलखान्यातून काढून याच वाड्यात आणून ठेवले ही गोष्ट नागपूरचा रिक्षावालाही सांगतो. म्हणजे बाकाबाईने जे वाचवायचे ठरवले होते ते वाचवले. गादी नाही तर गादीची सावली तरी!

म्हणून आम्ही म्हणतो, बाकाबाई देशद्रोही होती काय हा प्रश्नच फसवा आहे. तिच्या डोळ्यांपुढे देश नव्हताच, घराणे होते. १८१६ मध्ये घराणे, १८५४ मध्ये घराणे, १८५७ मध्येही घराणे. आणि जे राजे इंग्रजांवर उठले त्यांचे तरी काय? नानासाहेबाचे भांडण बंद पडलेल्या पेन्शनचे होते, झाशीचे भांडण दत्तकाचे होते. त्यांचे शौर्य आम्ही नाकारत नाही. पण त्यांतला कोणीही जिंकला असता तर गावकुसाबाहेरच्या माणसाला पाणवठा मोकळा झाला असता काय? पेशवाई परत आली असती तर आपल्या गळ्यात काय आले असते, हे आपल्याला कोणी सांगायला नको.

इथे दुसऱ्या एका निष्ठेचा हिशेब मांडला पाहिजे, जो कोणत्याही गॅझेटियरमध्ये बाकाबाईच्या शेजारी मांडलेला नाही. १८५७ मध्ये नागपूर शांत राहिले ते फक्त वाड्यातील एका म्हातारीच्या वजनाने काय? चार कोसांवर कामठीची छावणी होती. तिथे मद्रास लष्कराच्या पलटणी होत्या आणि त्या इंग्रजांबरोबर राहिल्या. मद्रास लष्करात परिया शिपाई, मुंबई लष्करात महार शिपाई. उठले ते प्रामुख्याने बंगालचे उच्चवर्णीय सैन्य. बाबासाहेबांनी आपल्या लेखनात हे स्पष्ट मांडले आहे. इंग्रजांनी हा देश जिंकला तोही अस्पृश्यांच्या बळावर आणि १८५७ मध्ये राखला तोही त्यांच्याच बळावर, असे त्यांचे म्हणणे होते.

मग बक्षीस काय मिळाले? भोसल्यांच्या वाड्याला किताब आणि नेमणूक. आणि महार शिपायाला? १८९० च्या दशकात त्याची लष्करभरतीच बंद! का, तर म्हणे तो लढवय्या जातीतला नाही. ज्याने कोरेगाव लढवले तो लढवय्या नाही! ज्या लष्करात आमच्या माणसाला पगार मिळत होता, अंगावर गणवेश येत होता आणि पलटणीच्या शाळेत पोरांना अक्षर दिसत होते, तेच दार लावून घेतले. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९०३ मध्ये सासवडला एकावन्न गावांचे महार जमवले आणि १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. एका राणीने धमकी दिली तर तिची नोंद इतिहासात होते, एकावन्न गावे अर्ज करतात तर तो कागद फायलीत जातो. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभारली आणि युद्ध संपताच १९२१ मध्ये मोडून टाकली. याच दुखण्यावर बाबासाहेबांनी १९३० मध्ये गोलमेज परिषदेत बोट ठेवले. इंग्रज येण्याआधी आम्हाला विहीर, मंदिर, पोलीस, लष्कर बंद होते, इंग्रजांच्या दीडशे वर्षांत त्यांतले काय उघडले, असा रोकडा सवाल त्यांनी सरकारच्या तोंडावर केला. निष्ठेची भाषा तिथेच संपली आणि हक्काची भाषा सुरू झाली.

आता त्या टेम्पोतल्या पोराकडे परत येऊ. इंग्रजाला मिळाली म्हणून बाकाबाई गद्दार, हे माप त्याने हातात घेतले आहे. हेच माप हातात घेऊन दुसरे लोक कोरेगावच्या विजयस्तंभाकडे बोट दाखवतात. २०१८ मध्ये, लढाईला दोनशे वर्षे झाली तेव्हा, १ जानेवारीला मानवंदनेला गेलेल्या आपल्या लोकांवर दगडफेक झाली, जाळपोळ झाली. त्या वेळी कोणता शब्द फेकला जात होता? तोच, जो पोरगा बाकाबाईसाठी हसत हसत वापरतो. मिरवणुकीत शिवी देताना ती आपल्याच अंगावर येते आहे हे त्याला कोणी सांगितलेले नाही. हा दोष पोराचा नाही, आमचा आहे. जयंतीला डीजे लावायला आम्ही वर्गणी काढतो, पोराला १८१७ काय आणि १८१८ काय हे सांगायला कोणी बसत नाही.

आणि म्हणून बाकाबाई आणि कोरेगावचा महार एकाच रांगेत बसवावेत असे मात्र आम्ही म्हणत नाही. तिच्याजवळ गमवायला गादी होती. महार शिपायाजवळ गमवायला गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू. दोघेही इंग्रजांच्या बाजूला उभे राहिले एवढ्यावरून दोघांची बाजू एक होत नाही.

राजनिष्ठ मुत्सद्द्यांची ही जात फक्त नागपुरातच होती असे नाही. ज्या वर्षांत इकडे बाकाबाई अज्ञान राजाचे पालकपण करीत होती, त्याच वर्षांत फ्रान्समध्ये जोसेफ द व्हिलेल नावाचा राजनिष्ठ पुढारी पंतप्रधानपदी होता. १८२२ ते १८२८ असा त्याचा काळ. तूलूझचा हा माणूस तरुणपणी आरमारात होता आणि पुढे हिंदी महासागरातील बूर्बों बेटावर, ज्याला आज रियुनियन म्हणतात, राहिला. गुलामांच्या राबणुकीवर मळे पिकवणाऱ्या एका बड्या घराण्यात त्याने लग्न केले. क्रांतीनंतर राजा परत आला तेव्हा हा राजाचा खंदा कैवारी झाला. पैशाच्या कामात अतिशय हुशार, बोलण्यात संयमी, अर्थसंकल्पाला शिस्त लावणारा. त्याच्या राजनिष्ठेने केले काय? १८२५ मध्ये एक कायदा केला. क्रांतीत ज्या सरदारांच्या जमिनी गेल्या होत्या त्यांना भरपाई. लोकांनी त्याला शंभर कोटींचा कायदा असे नावच दिले. आणि त्याच १८२५ साली, त्याच्याच राजवटीत, हैतीवर लढाऊ जहाजे पाठवून दुसरा हिशेब करण्यात आला. हैतीच्या गुलामांनी बंड करून १८०४ मध्ये स्वतःला स्वतंत्र केले होते. त्यांचे स्वातंत्र्य मान्य करायचे तर त्यांनी जुन्या मालकांना १५ कोटी फ्रँक भरावेत! पुढे १८३८ मध्ये ती रक्कम ९ कोटींवर आली, पण तिच्यापायी काढलेल्या कर्जाचा फास विसावे शतक उजाडले तरी सुटला नाही. ज्याने गुलाम पाळले त्याला भरपाई, जो गुलाम होता त्याला बिल.

हे वाचून कोणाला वाटेल की ही दूर देशची गोष्ट. आपल्याच महाराष्ट्रातील महार वतनाचे पाहा. ज्या वतनाने आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या गावाचे वेठबिगार केले, ते मोडावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ मध्येच मुंबई कायदे कौन्सिलात बिल आणले होते. वतने खालसा झाली ती १९५८ च्या कायद्याने. आणि ती तुकडाभर वतनी जमीन स्वतःच्या नावावर करून घ्यायची तर महाराने सरकारला साऱ्याच्या तिप्पट रक्कम भरायची! रक्कम मोठी नव्हती, पण तत्त्व पाहा. हजार वर्षे फुकट राबलेल्याने पैसे मोजून आपली जमीन सोडवून घ्यायची. व्हिलेलला हा हिशेब परका वाटला नसता.

बाबासाहेब भरपाईच्या विरुद्धच होते असे मात्र समजू नये. 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या १९४७ च्या निवेदनात त्यांनी शेतजमीन सरकारने घ्यावी आणि मालकाला रोखे द्यावेत असेच सुचवले होते. पण पुढची ओळ महत्त्वाची. ती जमीन गावकऱ्यांना जातिभेद न करता अशा रीतीने कसायला द्यावी की गावात जमीनदार राहू नये, कूळ राहू नये आणि भूमिहीन मजूरही राहू नये. हे झाले नाही. म्हणूनच दादासाहेब गायकवाडांना १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह करावा लागला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली.

राजा दिसला की आम्ही दगड उचलतो असा कोणी आमच्यावर आरोप करू नये. याच नागपुरात १९२० च्या मे महिन्याच्या अखेरीस अस्पृश्यांची अखिल भारतीय परिषद भरली. तिचे अध्यक्ष राजर्षी शाहू महाराज होते आणि तरुण बाबासाहेब व्यासपीठावर होते. शाहूंनी आपल्या संस्थानात महारकीची वेठ कायद्याने मोडली होती. त्यांनी गादीचा उपयोग माणसांसाठी केला. बाकाबाईने माणसांचे वजन गादीसाठी खर्ची घातले. दोघेही भोसलेच. आमचा फरक एवढाच आहे.

कामठीची छावणी अजून आहे. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांच्या प्रयत्नाने महार रेजिमेंट उभी राहिली. पहिली पलटण १९४१ मध्ये बेळगावला, आणि दुसरी १९४२ मध्ये कामठीला. म्हणजे १८५७ मध्ये जिथून नागपूर राखले गेले, तिथेच पंच्याऐंशी वर्षांनी आमच्या माणसाला त्याची बंदूक परत मिळाली, तीही कोणाच्या मेहरबानीने नव्हे. त्याच कामठीत 'जय भीम'चे प्रवर्तक बाबू हरदास राहत होते. सक्करदऱ्याहून कामठीला जायला शहर बसने फार वेळ लागत नाही.

हे सारे त्या पोराला चौकात उभ्या उभ्या सांगणे शक्य नव्हते. टेम्पो सुरू झाला होता, मागून हॉर्न वाजत होते. आम्ही एवढेच ओरडून सांगितले की रविवारी विहारात ये, बाकाबाईची गोष्ट सांगतो. "येतो काका," म्हणाला. आला तर सोबत दोघे-चौघे आणील. नाही आला तर आम्ही त्याच्या वस्तीत जाऊ.